तटाला दगड नाही, मग हा किल्ला कसला?

२०२५च्या जुलैत युनेस्कोने रायगड, राजगड, शिवनेरीपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार दिवस नुसता गडांचा पाऊस पडत होता. त्यातच इंग्लंडला नोकरीला असलेल्या भाचीने एक फोटो टाकला. हिरवीगार टेकडी, तिच्या अंगावर एकाआड एक मोठमोठ्या वळ्या आणि वर निवांत चरणाऱ्या मेंढ्या. खाली लिहिले होते, ‘मामा, हाही किल्लाच. रायगड राजधानी झाला त्याच्या दोन हजार वर्षे आधीचा.’

थोरल्या भावाचे उत्तर मिनिटभरात आले. ‘याला किल्ला म्हणायचा, तर आपल्या शेताचा बांध म्हणजे भुईकोट.’

हसलो सगळेच. पण भावाचा प्रश्न रास्त होता. बुरूज नाही, दरवाजा नाही, पाण्याचे टाके नाही, तोफेचा तर प्रश्नच नाही. मग ही टेकडी किल्ला कशावरून? आणि जिथे कोणी एक अक्षर लिहून ठेवलेले नाही, तिथे काय घडले हे सांगायचे तरी कशाच्या जोरावर?

आधी ‘किल्ला’ हा शब्द जरा सैल करू

फोटोतली जागा म्हणजे मेडन कासल. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ डॉर्सेट नावाचा परगणा आहे, त्यातल्या डॉर्चेस्टर गावाबाहेरची ही टेकडी. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या अशा जागांची मोजदाद विद्यापीठांनी एकत्र येऊन केली. २०१७ साली ती खुली झाली, तेव्हा आकडा निघाला ४,१४७. त्यातले काही प्रचंड आहेत, तर काही शाळेच्या मैदानाएवढे. काही टेकडीच्या डोक्यावर आहेत, काही समुद्रात घुसलेल्या कड्यावर.

या सगळ्यांना ‘प्रागैतिहासिक’ म्हणतात. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे गुहेतला माणूस आणि दगडी कुऱ्हाड येते. त्याचा खरा अर्थ एवढाच, की त्या प्रदेशात लेखन सुरू होण्याआधीचा काळ. हा काळ सगळीकडे एकाच दिवशी संपला नाही. आपल्याकडे नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरला गेला, दानात दिलेल्या गाई-घोड्यांचे आकडेसुद्धा त्यात आले. त्याच सुमारास मेडन कासलवर माणसे राहत होती, लोखंड वापरत होती, शेती करत होती. पण स्वतःचे नाव लिहून ठेवणारा तिथे कोणी नव्हता. म्हणजे आपला इतिहास आणि त्यांचा प्रागितिहास एकाच वेळी चालू होते. त्या काळाला तिकडे लोहयुग म्हणतात. इंग्लंडात ते साधारण इसवी सनापूर्वी ८०० ते इ.स. ४३, म्हणजे रोमन फौजा उतरेपर्यंत.

खंदक आणि तट ही दोन कामे नव्हेत

विहीर खणली की शेजारी मातीचा ढीग होतोच. मेडन कासलची बांधणी मुळात एवढीच आहे. टेकडीभोवती खोल चर खणायचा आणि निघालेली माती आतल्या बाजूला रचत जायची. चर झाला खंदक, ढीग झाला तट. बाहेरून येणाऱ्याला आधी खड्ड्यात उतरावे लागते, मग खड्ड्याच्या तळापासून तटाच्या माथ्यापर्यंत चढावे लागते. एकाच खोदकामात उंची दुप्पट मिळते.

इथे पहिला किल्ला इसवी सनापूर्वी ६००च्या सुमारास झाला, साधारण १६ एकरांचा. दीडशे वर्षांनी तो वाढवून ४७ एकर केला आणि पुढे तटाबाहेर आणखी तट, खंदकाबाहेर आणखी खंदक चढत गेले. फोटोतल्या वळ्या त्याच. काही किल्ल्यांत मातीचा ढीग नुसता सोडून दिलेला नाही. लाकडी खांबांच्या दोन रांगा उभ्या करून मधे माती ठासली आहे. कोकणात दोन कुडांच्या मधे माती भरून भिंत करावी, तसा प्रकार.

आज सगळे हिरवे दिसते म्हणून फसू नका. खालचा खडक चॉकचा आहे, म्हणजे चुनखडीचाच मऊ, पांढरा भाऊ. नवा असताना हा तट चुना फासल्यासारखा पांढराशुभ्र असणार. मैलोन् मैल सपाट हिरवा मुलूख आणि मधेच टेकडीच्या डोक्यावर पांढरे कडे. ते पाहून येणाऱ्याला जे वाटायचे ते लांबूनच वाटत असेल.

दरवाज्यापाशी मात्र भावालाही मान हलवावी लागली. रायगडचा महादरवाजा आठवा. समोर उभे राहिले तरी तो दिसत नाही, बुरजाला वळसा घातल्यावर अचानक पुढ्यात येतो. या गोमुखी बांधणीमागे हिशेब असा, की शत्रूला सरळ धाव घेता येऊ नये आणि वळताना त्याची कूस वरच्या माणसाला मोकळी मिळावी. मेडन कासलच्या पूर्व-पश्चिम दोन्ही वाटा अशाच आहेत. मातीचे बांध एकमेकांत अडकवून केलेला भुलभुलैया. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, मधे सात समुद्र आणि दोन हजार वर्षे. चढाई अडवायची म्हटली की डोके तिकडेही तसेच चालते.

पण मातीचा ढीग अडीच हजार वर्षे राहतो कसा?

आपल्याकडे चार पावसाळ्यांत शेताचा बांध फुटतो, हा अनुभव घेऊन विचारलेला प्रश्न. तिकडच्या संशोधकांनाही तो पडला. म्हणून १९६० साली विल्टशायर परगण्यात ओव्हर्टन डाउन इथे त्यांनी मुद्दाम एक नवा बांध आणि चर तयार केला. आत कापड, चामडे, लाकूड, हाडे अशा वस्तू कोणत्या जागी पुरल्या याची काटेकोर नोंद ठेवली. ठरले असे, की २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ वर्षांनी बांधाचा एकेक तुकडा कापून आत काय झाले ते बघायचे. ज्यांनी आखणी केली त्यांना शेवटचा निकाल कळणार नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी माहीत होते. मला हा सगळा उद्योग फार आवडतो.

दिसले ते असे. पहिल्या काही वर्षांतच सगळी धावपळ होते. चराच्या कडा ढासळतात, तळ भरतो, बांध खाली बसतो. मग गवत धरते, मुळे मातीला आवळतात आणि पडझड जवळपास थांबते. पुढची शतके फारसे काही घडत नाही. आपला शेतबांध फुटतो कारण त्यावरून पाणी वाहते, औत फिरते, शेजारी दरवर्षी वीतभर कोरतो. टेकडीच्या माथ्यावर वरून येणारे पाणीच नसते आणि चॉकमध्ये पडलेला पाऊस मुरून जातो.

म्हणजे या किल्ल्यांना काळाची भीती कमी, नांगराची जास्त. सशांची आणि बिज्जूसारख्या बिळे करणाऱ्या प्राण्यांचीही. झाड वाढू दिले तर मुळे आतले थर उसकतात, म्हणून मेंढ्या चारायच्या. फोटोतल्या मेंढ्या शोभेच्या नाहीत, देखभालीच्या कामावर आहेत. वेल्सच्या हद्दीजवळच्या ओल्ड ऑसवेस्ट्री किल्ल्यावर पहिल्या महायुद्धात सैनिकांना खंदक खणायचा सराव दिला गेला. त्याच्या पायथ्याशी घरे बांधावीत की नाही यावरून अलीकडे गावात बरीच वर्षे वाद पेटला होता. हे वाचून आपल्या काही गडपायथ्यांची आठवण आलीच.

आणि हे वितळलेले दगड?

सगळे किल्ले मातीचे नाहीत. वेल्समधल्या त्रेर केइरी या उंच डोंगरावर रचीव दगडांचा तट आणि दीडशेच्या आसपास गोल दगडी घरांची जोती अजून उभी आहेत. तिथे गेला तर भाऊही किल्ला म्हणेल.

स्कॉटलंडात त्याहून विचित्र प्रकार आहे. टॅप ओ’ नॉथसारख्या डोंगरांवर तटाचे दगड एकमेकांत वितळून चिकटले आहेत. वीटभट्टी फोडताना आच जास्त लागलेल्या विटांचा काळपट, काचेसारखा गोळा निघतो, त्याला आपल्याकडे खंगर म्हणतात. अख्ख्या तटाचे खंगर झालेले आहे. त्यासाठी आच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तरी हवी. यावरून लोकांनी विजेपासून विसरलेल्या अस्त्रांपर्यंत काय वाटेल ते सांगून झाले. यूट्यूबवर अजूनही सांगतात.

अस्त्राबिस्त्राची गरज नाही. या तटांत दगडांच्या मधे आडवी लाकडे घातलेली होती. १९३७ साली गॉर्डन चाइल्ड आणि वॉलेस थॉर्नीक्रॉफ्ट यांनी तसाच लाकूड घातलेला तट रचला, भोवती सरपण लावून पेटवला आणि दगड खरोखर वितळवून दाखवले. कसे, ते कळले. का, यावर मात्र एकमत नाही. आग आपोआप एवढी भडकत नाही, कोणीतरी तासन् तास सरपण घालत राहावे लागते. जिंकलेल्या शत्रूचा तट लांबून दिसेल असा जाळून दाखवणे, हे त्यातल्या त्यात पटणारे उत्तर.

घरे गेली, खड्डे राहिले

आता आत जाऊ. तटाच्या आत काय होते हे कसे कळते? घरे लाकडाची आणि कुडाची, छपरे गवताची. ती तर केव्हाच कुजली.

गणपती उठल्यावर रस्त्यावरचा मंडप काढतात, तेव्हा बांबूंचे खड्डे राहतात. ते खडीने, मातीने, कशानेतरी बुजवतात. पण वर्षभर डांबरात तो वेगळ्या रंगाचा गोल दिसत राहतो. मंडप न पाहिलेल्या माणसालाही ते गोल मोजून सांगता येईल, की मंडप केवढा होता, तोंड कुठे होते, एकाच जागी दोन वर्षे दोन वेगळे मंडप पडले की काय. उत्खननात नेमके हेच करतात. वरची माती हलकेच खरवडली की कठीण जमिनीत काळपट गोल उमटतात. ते गोल रिंगणात असले तर गोल घर, चौकात असले तर जमिनीपासून उचललेले कोठार. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तीन हजार वर्षांपूर्वीची घरे अशीच ओळखली.

हॅम्पशायरमधल्या डेनबरी किल्ल्यावर बॅरी कनलिफ यांनी १९६९ ते १९८८ अशी सलग वीस वर्षे दर उन्हाळ्यात खणले. तिथे घरांबरोबर सापडले ते खड्डे, आणि तेही हजारोंनी. तोंड अरुंद, पोट मोठे, माणसाच्या उंचीपेक्षा खोल. मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. हे पेव.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाड्यात ज्वारीचे पेव असायचे. पेवात धान्य भरून तोंड बंद केले, की कडेचे थोडे दाणे ओलाव्याने कोंब काढतात. ते आतला प्राणवायू संपवून टाकतात आणि जड, दूषित हवा भरून राहते. मग ना कीड जगते, ना बुरशी वाढते. कडेचा थर वाया जातो, आतला माल शाबूत. नुकते उघडलेल्या पेवात घाईने उतरलेला माणूस गुदमरायचा तो याच हवेने. इंग्लंडात पेवाची आठवण पुसली गेलेली होती. त्यामुळे खड्ड्यात धान्य टिकते हेच तिथे सिद्ध करावे लागले. १९७०च्या दशकात बट्सर इथल्या प्रायोगिक शेतावर पीटर रेनॉल्ड्स यांनी तसे खड्डे खणून, धान्य भरून, वर्षावर्षाने उघडून पाहिले. टिकलेले धान्य पेरल्यावर उगवलेसुद्धा. एखाद्या मराठवाड्यातल्या आजीला विचारले असते तर काम लवकर झाले असते, पण असो.

रिकाम्या पेवांत आणखीही सापडले. घोड्याचा, कुत्र्याचा मुद्दाम ठेवलेला देह, कधी माणसाच्या कवटीचा तुकडा, कधी अख्खा माणूस. हा उकिरडा नव्हे. ज्या जमिनीने धान्य सांभाळले तिला काहीतरी परत द्यायचे असावे, असा त्याचा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. खणतीला नारळ फोडणाऱ्यांना तो फार परका वाटू नये.

मग हा राजाचा गड की धान्याचे कोठार?

इथे आपली सवय आडवी येते. गड म्हटला की आपण राजवाडा, सदर, शिबंदी शोधतो. डेनबरीला इतकी वर्षे खणूनही हा सरदाराचा वाडा असे बोट ठेवून सांगता येईल असे घर निघाले नाही. साधारण सारखीच गोल घरे. कनलिफ यांना तिथे आसपासच्या मुलखावर हुकमत चालवणारा सरदार दिसला होता. पुढच्या पिढीतल्या काहींनी विचारले, की मग त्याचा थाट कुठे आहे? या प्रश्नाला चोख उत्तर मिळालेले नाही.

पाण्याचेही तसेच. आपल्याकडे गड निवडताना आधी पाणी पाहतात. चॉकच्या टेकड्यांवरच्या बऱ्याच किल्ल्यांत कायमचे पाणीच नाही. महिनोन् महिने वेढ्यात बसून राहायला ही जागा केलेली नसावी. मला विचाराल तर एकच एक उत्तर शोधणे सोडून द्यावे. चार गावांचे धान्य, जत्रेची जागा, संकटात गुरे आत घ्यायचे आवार, आणि शेजारच्या टेकडीवाल्यांना ‘आमचा तट बघा’ म्हणायचा रुबाब, हे सगळे एका टेकडीवर सुखाने नांदू शकते. तट उभारायला शेकडो हात काही महिने एकत्र राबले, त्यातूनच ते लोक एक झाले असतील. गावाने श्रमदानातून तलाव केला की पाण्याआधी गाव जुळतो, तसे.

पण सांगाडे तर सापडले आहेत ना?

हो. आणि सगळ्यात मोठा घोळ तिथेच झाला.

१९३४ ते १९३७ या काळात मॉर्टिमर व्हीलर आणि त्यांच्या पत्नी टेसा यांनी मेडन कासलवर खोदकाम केले. टेसा ते संपण्याआधीच, १९३६ला वारल्या. व्हीलर म्हणजे वागण्याबोलण्यात अस्सल लष्करी माणूस. चौकोनी खड्डे, मधे सोडलेले मातीचे बांध, वरून पाहिले तर भातखाचरे वाटावीत अशी त्यांची पद्धत. बांधाच्या उभ्या कडेवर मातीचे थर वाचता येतात, कोणता आधीचा, कोणता नंतरचा. लंडनला पीएच.डी. करणारे हसमुख सांकळिया या उत्खननात शिकले आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी पिढ्या घडवल्या. व्हीलर स्वतः १९४४ला भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होऊन आले. आपल्याकडच्या कित्येक उत्खननांतली ती खाचरे डॉर्सेटच्या टेकडीवरून आलेली आहेत.

तर पूर्व दरवाज्याशी व्हीलरना गोफणगुंड्यांचा साठा मिळाला. एकाच खड्ड्यात २२ हजारांहून अधिक गोल गुळगुळीत गोटे, जवळच्या चेझिल समुद्रकिनाऱ्यावरून वाहून आणलेले. पाखरे हाकणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात गोफण काय करते हे आपण जाणतो. आणि तिथेच सापडली माणसे. पन्नासच्या आसपास पुरलेली, त्यातल्या काहींच्या कवट्यांवर तलवारीचे घाव, एकाच्या मणक्यात रुतलेले लोखंडी टोक.

रोमन लेखक स्वेटोनियस लिहून गेला होता, की इ.स. ४३च्या स्वारीत पुढे सम्राट झालेल्या व्हेस्पेसियनने दक्षिण ब्रिटनमधली वीसहून जास्त ठाणी घेतली. व्हीलरनी दोन्ही टोके जुळवली. रोमन यंत्रधनुष्यांचा मारा, दरवाज्यात कापाकापी आणि रात्री वाचलेल्यांनी अंधारात घाईघाईने केलेली मूठमाती. वर्णन इतके जिवंत होते की पन्नास वर्षे पाठ्यपुस्तकांत तेच राहिले.

खटकत होते ते एवढेच, की घाईत पुरलेल्यांच्या शेजारी कोणी जेवणासाठी भांडी आणि मांसाचे तुकडे नीट मांडून ठेवते का? १९८५-८६ला नाइल शार्पल्स यांनी तिथे पुन्हा खणले, तेव्हा त्या एका रात्रीच्या कत्तलीवरचा विश्वास उडू लागला. मग २०२५ साली बोर्नमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी हाडांचे वय कार्बन-१४ने तपासले. ही पद्धत थोडक्यात अशी. जिवंत असताना प्रत्येक जीव हवेतला एक विशिष्ट कार्बन अंगात घेत राहतो. मेल्यावर घेणे थांबते आणि असलेला ठरलेल्या गतीने घटत जातो. किती उरला ते मोजले की किती वर्षे झाली ते कळते. व्हीलरच्या वेळी ही सोयच नव्हती.

निकाल असा, की हे लोक एका दिवशी मेलेले नाहीत. मृत्यू काही पिढ्यांत विखुरलेले आहेत, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकाच्या अखेरीपासून इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. बरेचसे रोमन येण्याच्या आधीचे. घाव खरे, रक्त खरे. पण मारणारे बहुधा आसपासचेच, भाऊबंदकीतले.

व्हीलर खोटे बोलले का? नाही. हातात सांगाडा आणि समोर ग्रंथातले वाक्य असले, की दोघांची सोयरीक लावायचा मोह कोणालाही होतो. आपल्या गडांवरही कुठला कडा कोणाच्या उडीचा हे सांगणारे गाइड कमी नाहीत. फरक इतकाच, की व्हीलरनी प्रत्येक वस्तू कोणत्या थरात मिळाली ते लिहून ठेवले, सांगाडे जपले आणि किल्ल्याचा बराच भाग न खणता पुढच्यांसाठी सोडला. म्हणून तर नव्वद वर्षांनी त्यांची चूक त्यांच्याच सामानातून काढता आली.

मागच्या महिन्यात भाची पुन्हा तिकडे गेली आणि डॉर्चेस्टरच्या संग्रहालयातून तिने मणक्यात टोक रुतलेल्या त्या माणसाचा फोटो पाठवला. ते टोक यंत्रधनुष्याच्या बाणाचे नसून भाल्याचे असावे, असेही आता म्हणतात. ग्रुपवर या वेळी कोणी विनोद केला नाही. थोड्या वेळाने भावाने विचारले, ‘मग मारले कोणी याला?’

‘मोठे मामा,’ तिने लिहिले, ‘त्यावर अजून त्यांचेच भांडण चालू आहे.’